दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, वैजनाथ गहिनीनाथ पालवे, वय एकसष्ट, धंदा मोटारगाड्यांना ॲम्प्लिफायर व स्पीकर बसवणे आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करणे, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं), हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही डोक्यावर उभं नसताना लिहून ठेवत आहे. डोकं जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तक्रार आहे ती छातीत. पुढच्या आठवड्यात नगरला बायपास ठरली आहे, म्हणून ही घाई.

वकील रोहिणीताईंनी मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण त्यात मी कुठेच दिसेना. म्हणून तो माझ्या हाताने पुन्हा लिहिला. कायद्याची वाक्यं त्यांची, बाकीची माझी.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

२. तिसगावातले माझे स्वकष्टार्जित राहते घर, पुढच्या कडुनिंबासह, माझी पत्नी सौ. सत्यशीला हिला द्यावे. तिच्या पश्चात ते आमची एकुलती मुलगी सुकन्या हिचे, जी कर्जतला दिली आहे. निंबामुळे समोरच्या रसवंतीवाल्याचा बोर्ड झाकला जातो आणि त्याला तो तोडायचा आहे. मी असताना विचारायची त्याची छाती झाली नाही, मी गेल्यावर तो साखर घेऊन येईल. साखर घ्यावी, निंब तोडू देऊ नये.

३. बँकेतली ठेव सत्यशीलाची. ती किती आहे हे माझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक आहे.

४. दुकानाची जागा भाड्याची आहे, ती मालकाला परत करावी. दुकानात पुढे कुणी हाच धंदा करणार असेल तर त्याला माझ्यातर्फे एवढंच सांगावं. गाडीची रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की नवा ॲम्प गळ्यात मारू नये. आधी अर्थिंगचा स्क्रू बघावा. तो कुणीतरी रंगावरच आवळलेला असतो. रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, मग आवळावा. ऑनलाइन मागवलेला ॲम्प पिशवीत घालून आणणाऱ्या आणि 'फक्त जोडून द्या' म्हणणाऱ्या मंडळींना मी आजवर तोंडावर काही बोललो नाही. ते इथे बोलून घेतो. जोडणं हेच काम आहे, बाबांनो.

५. माझ्या दहाव्याला प्रवचन ठेवणार असाल तर कर्ण्याचा स्पीकर लावू नये. त्यात महाराजांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचा आवाज नीट करून दिला, निदान त्या दिवशी तरी मला छळू नका.

६. माझी जुनी जीप सुकन्याला द्यावी. या जीपबद्दल थोडं लिहिणं भाग आहे.

आमचे आईवडील, लंकाबाई आणि गहिनीनाथ, दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ अजिनाथ पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वाढलो. उसाच्या ट्रॅक्टरवर टेप असायचे आणि प्रत्येक ड्रायव्हरची गाणी ठरलेली. ट्रॅक्टर दिसायच्या आत अजिनाथ सांगायचा की कुणाचा आला. नुसतं गाणं ओळखायचा असं नाही. दोन ट्रॅक्टरवर एकच गाणं असलं तरी कोणत्याचा स्पीकर फुटका आहे त्यावरून सांगायचा. मला तसं कधीच ऐकू आलं नाही. माझे हात चांगले होते, कान त्याचे. या भांडवलावर आम्ही दुकान टाकलं.

या कामात दोन माणसं लागतात, हे बाहेरच्याला माहीत नसतं. ॲम्प मागे, डिकीत नाहीतर सीटखाली. त्यावर आवाजाची ताकद वाढवायचा एक बारीक स्क्रू असतो, त्याला गेन म्हणतात. एकाने मागे ओणवं होऊन तो पेचकसाने फिरवायचा, दुसऱ्याने पुढच्या सीटवर बसून ऐकायचं. आवाज फाटायला लागायच्या किंचित आधी पुढच्याने हात वर करायचा. मागे मी, पुढे अजिनाथ. त्याचा हात वर गेला की मी थांबायचो आणि तो येऊन त्या स्क्रूवर सत्यशीलाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाने पुढे चाळा करू नये. जीपमधल्या ॲम्पवर तो लाल ठिपका अजून आहे. सुकन्याने जीप वापरावी, विकावी, भंगारात घालावी, पण तिच्या ताब्यात आहे तोवर तो ठिपका कुणी खरवडू नये.

आता आमचं दोघांचं कसं मोडलं तेही लिहितो, नाहीतर लोक आपापल्या परीने सांगतील. एका वर्षी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. शेवटची खेप नेणारे ट्रॅक्टर त्या दिवशी केळीचे खुंट बांधून, गुलाल उधळत, गाणी लावून निघतात. त्यातल्या सगळ्यात पुढच्या ट्रॅक्टरचा साउंड आम्ही बसवला होता. तिसगावच्या चौकात बॅटरीकडून आलेली वायर पत्र्याला घासली आणि पेटली. टपावरचे स्पीकर, केळी, सगळं जळालं. माणसं वाचली. नंतर बघितलं तर बॅटरीजवळ फ्यूज बसवलेलाच नव्हता. मला वाटलं त्याने बसवला, त्याला वाटलं मी. बॅटरीचं टोक नेहमी त्याच्याकडे असायचं, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. सगळं गाव बघत असताना तो मला म्हणाला, "दादा, आज ते टोक तू घेतलं हुतंस." त्यानंतर त्याने नेवाशाला स्वतःचं दुकान टाकलं. आमचं बोलणं तिथेच संपलं.

पुढच्या सीटवर मग मी सत्यशीलाला बसवून बघितलं. तिला सगळंच चांगलं वाटतं. आता मी मागे स्क्रू थोडा फिरवतो, पुढे येऊन ऐकतो, परत मागे जातो. गिऱ्हाईक हसतं. छातीत पहिल्यांदा दुखलं तेही असंच मागेपुढे करताना. पण दुखतं ते निराळंच. गाडी कुणाचीही असो, मागे ओणवा झालो की काचेतून पुढच्या सीटकडे बघतो. सवय आहे. मला त्याची फार आठवण येते. हे लिहायला मृत्युपत्र लागलं, त्याला इलाज नाही.

७. माझी हत्यारं, म्हणजे मीटर, सोल्डरिंगची गन, वायर सोलायच्या पकडी, दाराचे पॅनल काढायच्या पट्ट्या, ही अजिनाथच्या नावे लिहायची होती. रोहिणीताई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न झालेलं बरं, पुढे कुणी शंका काढतं. म्हणून त्याचं नाव खोडलं. हत्यारं सत्यशीलाला देत आहे. ती कुणाकडे पोचवायची हे तिला कळतं.

८. कारण अजिनाथने साक्षीदार व्हावं अशी माझी इच्छा आहे. सुकन्याने त्याला ऑपरेशनचं कळवलं तेव्हा तो तिला म्हणाला, "दादानं सोता बोलवू दे. मी चप्पल घालायलासुदिक थांबनार न्हाई." मी नंबर काढतो, बघतो आणि मोबाईल पालथा ठेवतो. मोठ्या भावाने फोन करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्याने तो होत नाही. लिहिणं जमतं, म्हणून लिहिलं. सुकन्याने या कागदाचा फोटो काढून त्याला पाठवावा.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कोरी ठेवली आहे. तिथे दुसऱ्या कुणाची सही मी घेणार नाही. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद बाद आहे, हे मला समजावून सांगण्यात आलेलं आहे. तो बाद झाला तर घर मायलेकींच्या नावे निम्मं निम्मं होईल. सुकन्या काही मागणार नाही, पण कर्जतचे व्याही आत्ताच वाटणीची भाषा काढतात. सत्यशीला काल म्हणाली, "तुमी दोघं काय वर गेल्यावर बोलनार हाय का? माझं घर कशाला मधी घालता?" तिचं बरोबर आहे. पण वहिनीच्या डोक्यावरचं छप्पर जातंय म्हटल्यावर अजिनाथ घरी बसणार नाही, एवढी मला त्याची ओळख आहे. आणि नाहीच आला, तर बाकीच्या वाटण्या कशाही झाल्या तरी मला काय.

वरील सर्व मजकूर मीच लिहिला, वाचला आणि खाली सही केली.

वैजनाथ गहिनीनाथ पालवे (सही)
तिसगाव, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १. सुनील, शेजारचा टायरवाला. वैजनाथभाऊंनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर करत आहे. (सही)

साक्षीदार २. मी अजिनाथ गहिनीनाथ पालवे, राहणार नेवासा. वरील सही आपलीच असल्याचे दादांनी मला समोरासमोर सांगितले आणि मी त्यांच्यासमोर सही करत आहे. कलम सहा मला मान्य नाही. बॅटरीचे टोक त्या दिवशी दादांकडेच होते. हे मी त्यांना आत्ता पुन्हा सांगितले, त्यांना पटलेले नाही. हे इथे लिहू नका असे वकीलबाई म्हणाल्या, दादा म्हणाले राहू द्या. बुधवारी दवाखान्यात वहिनींना कागद वाचायला लावू नयेत, त्यांना रडू येते. ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून सही मी करणार आहे. दादांना विचारले. ते हो म्हणाले. (सही)

तिसगाव, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५