शेठच्या गाडीतली गार हवा

उधना, ८ जानेवारी १९९७

शेठच्या परदेशी गाडीत तापमानाचा आकडा पंचवीसवर ठेवला तरी ऐन थंडीत गारच हवा येत होती. डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीत शेठच्या कारखान्यातल्या लूमचा कापूस अडकलाय, त्यामागच्या सेन्सरला गाडी आतून तापल्यासारखी वाटते, हे मी सोमवारीच सांगितलं. शेठ म्हणाले, "तू ड्रायव्हर छे, गाडी चलाव ने!"

आज मेकॅनिकने तीच जाळी साफ केली. गरम हवा आली. शेठनी त्याची पाठ थोपटली आणि मला बजावलं, "आता बटणांना हात लावू नको." म्हणजे बिघाड माझा? जाळी मी दाखवली होती ना? तरी "हो शेठ" म्हणालो. का म्हणालो?

घरी बायकोने विचारलं, "गाडी व्हयनी का नीट?"

म्हटलं, मीच केली.

आता ती शेजारणीला कौतुकाने सांगतेय. मला इथपर्यंत ऐकू येतंय.