ज्यांना येत नाही त्यांनी डावा हात

२ मार्च

खडू हातातून पडला. मुख्याध्यापक दारात उभे होते.

"मोहिरा मुअल्लिमा, अठरा तारखेला तपासणीचं कमिशन येतंय. त्यांच्यासमोरचा खुला तास तुमचा. नववी ब. विषय त्यांनीच धाडलाय, 'इफ' आणि 'व्हेन'ची वाक्यं." एवढं बोलून निघाले, आणि पुन्हा वळले. "सोबत एक परदेशी पाहुणी आहे. आयर्लंडची. मुलांशी बोलेल, तुमच्याशी बोलेल."

माझ्याशी बोलेल!

हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून इथं लिहिते. चोवीस वर्षं मी इंग्रजी शिकवते, आणि समोरचं माणूस इंग्रजी बोललं तर मला कळत नाही. वाचलेलं कळतं. लिहिते तर एक चूक सापडायची नाही. पण कुणी बोलायला लागलं की नळ सोडल्यासारखं होतं, पाणी दिसतं आणि ओंजळीत काही येत नाही. आमच्या शिकण्याच्या काळात इस्फऱ्याच्या खोऱ्यात इंग्रजी बोलणारं माणूस होतंच कुठं? मला शिकवणाऱ्या मुअल्लिमांनीही जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या वहीतून माझ्या वहीत आलं, माझ्या वहीतून फळ्यावर.

या वर्षी कमिशनपुढे जो नापास, त्याची जागा गेली. वरच्या गावातल्या रसायनशास्त्राच्या मुअल्लिमाला जानेवारीत घरी बसवलं. आणि आमच्या मुख्याध्यापकांची भाची राजधानीतून, दुशांबेहून शिकून आली आहे. फाडफाड इंग्रजी बोलते. जागा शोधते आहे.

३ मार्च

तंदूरमध्ये नान लावताना मनगट भाजलं. ह्यांनी विचारलं, "काय गं, लक्ष कुठंय?"

म्हटलं, कमिशन येतंय.

"दर वर्षी येतं. पुलाव खातात, सही करतात, जातात."

पाहुणी येतेय ते मी बोललेच नाही. ह्यांना कसं सांगू? लग्नात हे सगळ्या गावाला सांगत सुटले होते की माझी बायको इंग्रजीतून स्वप्नं बघते. अजून सांगतात. ह्यांची काळजी वेगळी. जर्दाळूच्या कळ्या फुगल्यात. आता थंडी परत फिरली तर वर्ष गेलं.

५ मार्च

पहिली तालीम. कुणी कोणतं वाक्य म्हणायचं ते वाटून दिलं. 'व्हेन' म्हणजे होणारच, 'इफ' म्हणजे कोण जाणे. दोन्हींच्या पाठीमागे 'विल' लावायचं नाही. चोवीस वर्षं हे एकाच सुरात म्हणून घेतेय, मुलं झोपेतही म्हणतील.

आणि हातांचा नियम. प्रश्न विचारला की तीसच्या तीस हात वर गेले पाहिजेत. ज्याला येतं त्याने उजवा, ज्यांना येत नाही त्यांनी डावा. मी उजव्यांतलाच निवडायचा. माझ्या मुअल्लिमांनी हेच केलं, त्यांच्या मुअल्लिमांनीही हेच. कमिशनला हातांचं रान दिसतं, कमिशन खूश.

मेहरंगेजचा डावा. नेहमीचाच. व्याकरणात पाचपैकी दोन, त्याच्या वर कधी गेली नाही. तास संपल्यावर टेबलाशी येऊन म्हणते, "मुअल्लिमा, नियम नाही सांगता येत मला. पण बोलता येतं."

"बोलता तर मैनेलाही येतं," मी म्हटलं. सगळे हसले. तीही हसली, पण उशिरा.

८ मार्च

बायकांचा सण. मुलींनी रुमाल दिला, केक आणला. मुख्याध्यापकांनी भाषणात माझं नाव घेतलं, "आमच्या शाळेचं इंग्रजी म्हणजे मोहिरा मुअल्लिमा." टाळ्या. त्यांची भाची पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. चांगली मुलगी आहे बिचारी, तिचा काय दोष.

११ मार्च

जेवण जात नाही. मटणाचा शूर्बा वाडग्यात गार होतो.

१३ मार्च

शेजारणीच्या फोनवर इंग्रजी बातम्या लावून मागितल्या. तिला वाटलं, कौतुकाने ऐकतेय. "सगळं कळतं ना तुम्हाला?" म्हणाली. मी मान हलवली. बाई बोलत होती, ओठ हलत होते. 'अँड' कळला. दोनदा.

पाहुणीने काय काय विचारलं तर काय काय उत्तर द्यायचं, त्याची यादी केली. नाव, वय, किती वर्षं शिकवता, मुलं किती. सतरा प्रश्न झाले. ती अठरावा विचारणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आजारी पडावं का? मागच्या वर्षी भूगोलवाले पडले होते. तर कमिशन घरी गेलं त्यांच्या.

१७ मार्च

शेवटची तालीम. चौथी. मुलं इतकी चोख बोलली की मलाच भीती वाटली. प्रश्न संपायच्या आधी उत्तर येतंय. त्यांना दटावलं, जरा विचार करतोय असं दाखवा. तर एकाने विचार करतोय असं दाखवताना जांभई दिली.

वर्गाचे पडदे धुतले. जागेवर इस्त्रीही केली. आज निदान हात तरी कामात होते.

१८ मार्च

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझंच मला खोटं वाटेल.

सकाळी वर्गात इस्पंदचा धूर फिरवला. दृष्ट लागू नये म्हणून. पोरं खोकली. साडेनऊला ते आले. मुख्याध्यापक पुढे, मग कमिशनची मुनझिफा करीमोव्ना. माझ्याच वयाची असेल. जाडजूड, जाड काचांचा चष्मा, हसणं माहीत नसलेला चेहरा. मागे पाहुणी, तांबड्या केसांची, तरुण, सगळ्यांकडे बघून हसणारी. तिघंही मागच्या बाकांवर बसली. मुनझिफा करीमोव्नाने वही उघडली.

तास चालला. बरा चालला. "थंडी पडली तर जर्दाळू जातील." छान. "बाबा परत आले की आई पुलाव करील." हे वाक्य एका मुलीने म्हटलं. अर्ध्या वर्गाचे बाप रशियात मजुरीला आहेत. मी घाईघाईने पुढचा प्रश्न टाकला. तीस हात वर.

"एक मिनिट, मुअल्लिमा." मागून आवाज आला. मुनझिफा करीमोव्ना. "बाळांनो, डावे हात जरा खाली घ्या पाहू."

नऊ हात खाली गेले.

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. ती म्हणाली, "हं. चालू द्या." आणि वहीत काहीतरी लिहिलं. तीही अशाच कुठल्या तरी शाळेतून शिकली असणार, तिला कसं माहीत नसेल! कसं सुचलं नाही मला?

त्यानंतर पाहुणी उठली. पुढे आली. मुलांशी थोडं बोलली, मुलं पाठ केलेलं बोलली, पाहुणी खूश. मग माझ्याकडे वळली. हसून बोलायला लागली. मी यादी आठवत होते. माझ्या कानात एक 'इफ' पोचला, बाकीचं वाहून गेलं. तिचं बोलणं संपलं. ती थांबली. सगळे थांबले.

माझा हात वर गेला. डावा.

मी केला नाही. गेला. भर वर्गात, फळ्यासमोर, चोवीस वर्षं शिकवणाऱ्या मुअल्लिमेचा डावा हात. एकही पोर हसलं नाही, त्यांना अर्थ कळला होता. हसली असती तर बरं झालं असतं. पाहुणीला वाटलं मी काहीतरी दाखवतेय, तिने वर छताकडे पाहिलं.

तेवढ्यात मेहरंगेज उभी राहिली. न विचारता. "मुअल्लिमा, त्या विचारतायत, तुम्ही शिक्षिका झाला नसतात तर काय झाला असतात?"

मग तिने पाहुणीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. अडखळत नाही, थांबत नाही, आणि पाहुणी परत काहीतरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. दोन गुणांची मेहरंगेज. मी म्हटलं होतं, मैनेलाही येतं.

मी इंग्रजीत म्हटलं, मला ठाऊक नाही. तीन शब्द. व्याकरण बरोबर.

पाहुणीने टाळ्या वाजवल्या. बाकावर परत जाऊन मुनझिफा करीमोव्नाच्या कानाशी लागून बराच वेळ बोलली. कमिशनची बाई "येस, येस" म्हणत राहिली आणि वहीतून डोकं वर काढेना. घंटा झाली.

निरोप घेताना काय झालं ते लिहायलाही लाज वाटते. पाहुण्याने निरोप घेताना उजवा हात छातीवर ठेवायचा, हे आपल्याकडे रांगत्या पोराला शिकवावं लागत नाही. मुनझिफा करीमोव्नाने डावा ठेवला. माझ्याकडे रोखून बघत. उजवा रिकामा होता, वही केव्हाच पिशवीत गेली होती. मी मान खाली घातली. ती पायऱ्या उतरून गेली.

१९ मार्च

मुख्याध्यापकांनी बोलावलं. "मुअल्लिमा, तो हात कसला वर केलात?"

"खांदा आखडला होता."

"दोन्ही खांदे आखडलेले दिसले मला," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी बोलले तरी असते. निकाल नवरोजनंतर येईल.

तिने डावा हात दाखवला म्हणजे काय, ते मला कळतं. तू डाव्या हातांतली आहेस, तुला येत नाही, असंच सांगितलं तिने. सगळ्यांसमोर, पण कुणाला न कळेल असं. कमाल आहे बाईची.

२० मार्च

ह्यांना सांगितलं. सगळं. हे चूल पेटवत होते, पाठ माझ्याकडे होती, म्हणून जमलं. ह्यांनी लाकूड तसंच हातात धरलं. मग म्हणाले, "म्हणजे स्वप्नं कुठल्या भाषेत बघतेस?"

"आपल्याच. कमिशनची."

हसले. मग मीही. मग मला रडू आलं, आणि ह्यांनी चहा ओतून पुढे ठेवला.

२३ मार्च

नवरोज झाला, नवं वर्ष लागलं. सुमनक, म्हणजे गव्हाच्या अंकुरांची खीर, ढवळायला गेले, सगळ्या बायका कढईभोवती. कुणी म्हणालं, मनात काहीतरी मागा. मागितलं काय ते लिहीत नाही.

मुख्याध्यापकांची भाची घरी आली. सणाची भेट म्हणून. जाता जाता अगदी सहज विचारते, "मुअल्लिमा, तुमच्या वर्गातलं कपाट आतून किती खोल आहे हो? माझ्याकडे पुस्तकं बरीच आहेत." मी माप सांगितलं. काय करणार?

२४ मार्च

पहाटे थंडी फिरली. खालच्या ओळीची जर्दाळूची झाडं गेली. वरची राहतील असं हे म्हणतात. कळ्यांना ऊब मिळावी म्हणून रात्रभर केलेला धूर बागेत अजून आहे, ह्यांचे डोळे लाल झालेत. दोघांनी एका ताटात चक्का खाल्ला.

२५ मार्च

मेहरंगेजला थांबवून विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, "मावशी दुशांबेला परदेशी माणसांची मुलं सांभाळते. मी गेले तीन उन्हाळे तिथंच असते. त्यांच्या पोरांबरोबर भांडून भांडून आलं."

मी म्हटलं, त्या दिवशी मी तुला मैना म्हणाले.

"म्हणालात," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. वही काखेत मारली आणि गेली.

२७ मार्च

मुनझिफा करीमोव्ना घरी आली. एकटी, भाड्याच्या गाडीने, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून. निकाल हातात द्यायला कमिशन घरी येतं तेव्हा काय असतं ते वरच्या गावाने पाहिलंय.

नान मोडला, चहा घेतला, मग म्हणाली, "पास केलंय तुम्हाला. त्यासाठी नाही आले. मुअल्लिमा, पाहुणी काय बोलत होती ते मलाही कळलं नव्हतं. एक शब्दही नाही. डावा हात दाखवला होता मी तुम्हाला. पाहिलात ना?"

मी म्हटलं, पाहिला.

"पुढच्या महिन्यात राजधानीत माझी परीक्षा आहे. समोर बसून इंग्रजीत बोलावं लागतं. जागा जाईल माझी. कुणाला विचारू? सगळ्यांचीच परीक्षा मी घेत आलेय." चष्मा काढून ठेवला तिने. डोळे सुजलेले होते. "तुम्हीच वर्गात हात वर केलात. दुसऱ्या कुणी केला नसता. कुणाकडे शिकू, सांगाल?"

मी रुमाल बांधला आणि तिला घेऊन मेहरंगेजच्या दारात गेले.