गोलचे फोटो कुठंत?

रवि. ७ डिसेंबर
ग्राउंडवर गेल्या गेल्या मारामारी. क्लबच्या लहान पोरांची फुटबॉल मॅच, पोरं बिचारी खेळतायत, आणि लाइनवर दोन बापांनी एकमेकांची कॉलर धरलेली. एकाने स्टीलचा थर्मास फेकून मारला, दुसऱ्याच्या भुवईवर बसला. रक्त, चहा, शिव्या. काढले फोटो. लग्नात मांडवात भांडणं लागली की कॅमेरा खाली करावा लागतो, इथं ती अडचण नाही.

मग मुलींची मॅच. आपल्या गोलला ऋतू. तेरा वर्षांची, उंच, ग्लोव्ह्ज एक साइज मोठे. जूनमध्ये तिच्या वाढदिवसाला पोरींनी याच ग्राउंडवर तिच्या तोंडाला केक फासला होता. तिचे हसतानाचे फोटो माझ्याकडं तेवढेच.

पहिल्या हाफमध्ये तीन गोल खाल्ले. हाफटाइमला मी लांबची लेन्स सहज पाण्याच्या टँकरकडं वळवली. टँकरमागं तिचे वडील, संतोषभाऊ. ऋतूची वेणी मनगटाला गुंडाळलेली, दुसऱ्या हाताने कानाखाली. परत एक. मग गुडघा, पोटात. एवढ्या लांबून आवाज येत नाही, नुसतं दिसतं. माझं बोट बटणावर होतं, पण दाबलंच गेलं नाही. शिट्टी झाली तशी तिने ग्लोव्हने नाक पुसलं आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

हा तोच माणूस. गेल्या वर्षी गुडघ्यावर बसून लेकीच्या बुटाची नाडी बांधताना मीच टिपलेला. क्लबने तो फोटो केवढा मोठा करून कार्यक्रमात लावला, खाली ओळ, ‘बाप असावा तर असा’. फोटो माझा, टाळ्या त्याला.

सोम. ८ डिसें.
कोच शेख सरांना फोन केला.
“मैडम, मेरे सामने तो कभी हाथ नहीं उठाए उनो.”
“सर, तुमच्यासमोर उठवत नाही म्हणून तर टँकरमागं जातो.”
“मैं बोल्या तो कल से बच्चीकू ग्राउंडपे भेजते नहीं. फिर क्या करना?”
फिर क्या. मला तरी कुठं माहितीये.
दिवसभर स्टुडिओत एका लग्नाचा अल्बम. नवरदेवाच्या बापाचे तंबाखूचे दात कॉम्प्युटरवर पांढरे करत बसले होते. मनात एकच, संतोषभाऊचे पाडायचे.

रवि. १४ डिसें.
‘फिर क्या’ ते आज कळलं. चुकून कळलं.
हाफटाइमला तो तिला मानेला धरून टँकरकडं नेत होता. मी पळत आडवी गेले, काय करायचं ते ठरलं नव्हतं. फक्त कॅमेरा डोळ्याला लावला. त्याने बघितलं. मानेवरची बोटं सैल पडली, हात खांद्यावर आला, आणि चेहऱ्यावर ते नाडीवालं हसू.
“काढा काढा, शुभाताई. बाप-लेकीचा काढा एक.”
मी काढले. काढतच राहिले. तो तिला हात न लावता परत आला.
दुसरा हाफ मॅच बघितलीच नाही. लेन्स त्याच्यावर. आपण एक गोल खाल्ला तेव्हा ऋतूने बापाकडं नाही बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी आहे का, एवढंच. मग बॉल उचलून टाकला पुढं.

बुध. १७ डिसें.
पालकांच्या ग्रुपवर तक्रार. “मॅडम, गोलचे फोटो कुठंत? आमच्या पोरीनं दोन मारले, एक पण नाय?” बरोबर आहे. कार्डभर एकच माणूस. संतोषभाऊ हात बांधून, संतोषभाऊ पाणी पिताना, संतोषभाऊ शिंकताना. स्टुडिओतली मीनल फोटो चाळता चाळता म्हणाली, “काय ओ ताई, जीव जडला का काय ह्याच्यावर?”
हसले. हसण्यासारखंच आहे. त्याला स्वतःलाही तसंच वाटतंय बहुतेक, परवा प्रॅक्टिसला केस काळे करून आला होता.

रवि. २१ डिसें.
वैजापूरला मॅच. तिथलं ग्राउंड म्हणजे नुसता मुरूम. पडलं की सालटं निघतं. समोरच्या पोरी आडदांड, रेफ्री त्यांच्याच ओळखीचा. ऋतू बॉलवर झेपावली आणि एकीचा बूट सरळ तिच्या तोंडावर. वरचा ओठ फाटला. बॉल मात्र सोडला नाही, छातीशी धरून तशीच पालथी. जर्सीवर रक्त.
तिची आई सुनीताताई उठायला लागली. संतोषभाऊने तिचा दंड धरून खाली बसवलं. “बस. काय मेली नाय ती.” मग आत ओरडला, “ऊठ! नाटकं नको!” आजूबाजूचे म्हणाले, बघा, पोरीला कसं वाघीण बनवलंय.
मी मोनोपॉड घट्ट धरून उभी. कॅमेऱ्याखालची ही दांडी चांगली जाड नळीची आहे. डोक्यात नको नको ते आलं.

हाफटाइमच्या जरा आधी बॅटरी गेली. दुसरी सकाळी चार्जिंगला लावली होती, ती भिंतीवरच राहिली. पण त्याला कुठं कळतंय? स्क्रीन माझ्याकडं असते. मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून, बटण दाबल्याचं नाटक करत मॅच संपेपर्यंत उभी राहिले. खांदा भरून आला. तोही उन्हात गॉगल लावून, हसत, पोट आत घेऊन उभा. दोघंही खोटे.
मॅच जिंकलो. फायनलला गेलो.

मंगळ. २३ डिसें.
ऋतू आणि सुनीताताई स्टुडिओत. फायनलच्या ओळखपत्राला पासपोर्ट फोटो हवा होता. ऋतूला म्हटलं, केस मागं घे, कान दिसू दे. तिने घेतले. कानाच्या मागून मानेखाली शर्टात जाणारा पट्ट्याचा वळ. ताजा. आम्ही जिंकलो होतो ना परवा?
ऋतूला मीनलबरोबर पाणी प्यायला पाठवलं. सुनीताताईला विचारलं. काउंटरच्या काचेवर नखाने काहीतरी खरवडत म्हणाली,
“ग्राउंडवर हात लावत नायत आता. तुम्ही असता ना. घरी साठवून आणतात. म्हंतात, त्या बाईसमोर पोरगी रडकं तोंड करती, माझी इज्जत घालवती.”
“आणि तुम्ही?”
“मी मधी पडले तर मलाबी. मग तिला अजून.”
फोन कुठं करू नका म्हणाली. ग्राउंड बंद झालं तर पोरीजवळ मग काहीच राहत नाय म्हणाली.
म्हणजे मी इतके दिवस केलं काय, तर टँकरमागचं उचलून घरात नेऊन ठेवलं. आणि घरात बघायला कुणी नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.
फोटोत वळ येऊ दिला नाही. कॉलर वर करून काढला. का? सवय. लग्नातही हेच करते, नवरीच्या अंगावरचं काय काय झाकते.

गुरु. १ जानेवारी
मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये घालून ठेवलाय. दोनदा लावला, रिंग जायच्या आत कापला. सुनीताताईचं नख दिसतं.

रवि. ४ जानेवारी, दुपार
फायनल. शेवटी पेनल्टीवर गेली. ऋतूने एक अडवली, दुसरी तिच्या बोटांना लागून आत गेली. हरलो. ती गोलमध्ये तशीच बसून राहिली, ग्लोव्ह्ज तोंडावर. पोरी रडतायत, शेख सर एकेकीला उठवतायत.
मी लेन्स त्याच्यावर धरून. वाट बघत होते की आज तरी राग बाहेर पडेल, सगळ्यांसमोर, आणि मी दाबेन. नाही पडला. शांतपणे आत चालत गेला, तिला हाताला धरून उठवलं, डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडं वळून म्हणाला, “हारजीत चालायचीच, ताई. व्हय की नाय?”
मग तिच्याकडं न बघता, “चल. घरी जाऊ.”
ऋतू स्कूटरवर मागं बसली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मान वळवून माझ्याकडंच बघत होती.

रवि. ४ जानेवारी, संध्याकाळ
आत्ता सुनीताताईच्या नंबरवरून मेसेज. सुनीताताई असं लिहीत नाही.
“काकू मी ऋतू. आज माझा वाढदिवस आहे. फोटो काढायला घरी या. पप्पा बाहेर गेलेत येतीलच. केक नाहीये चालेल. लवकर या आणि खूप वेळ थांबा.”
परत परत वाचलं. वाढदिवस जूनमध्ये झाला तिचा.
हेल्पलाइनला लावला. या वेळी कापला नाही. बाईंनी सगळं नीट विचारलं, पत्ता घेतला, उद्या माणूस जाईल म्हणाल्या. उद्या. शेख सरांना सांगितलं. “आप निकलो मैडम, मैं आतूच.” ते बीड बायपासला राहतात, वेळ लागेल.
मीनलला खाली पाठवून केक आणवला. नावासकट. दोन्ही बॅटऱ्या फुल्ल. कार्ड मोकळं केलं. दारात गेल्यावर काय म्हणायचं ते पाठ करतेय, हॅपी बर्थडे ऋतू, हॅपी बर्थडे. त्याने दार उघडलं तरी हेच म्हणायचं, आणि आत जायचं, आणि बसायचं.
बॅग भरली. मोनोपॉडही घेतलाय. चार माणसांच्या खोलीत मोनोपॉड लागत नाही. तरी घेतलाय.