घोट्यावरचा पंख

सोमवार, २० जानेवारी १९९७

सरांनी तो पाय फेकल्यासारखा माझ्या टेबलावर ठेवला. बोटाएवढा, ब्राँझचा, गुडघ्याखाली तुटलेला. "गरुडाबिरुडाचा असेल. 'किरकोळ'मध्ये लिहून टाका." गरुडाचा? माणसाची पाच बोटं आहेत त्याला!

तात्यासाहेबांनी हयातभर जमवलेल्या जुन्या वस्तूंची यादी करायला लागून मला आठ महिने झाले. विश्वंभर सरांच्या लेखी मी अजून टायपिस्टच.

मंगळवार, २१

ब्रशने माती काढली. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला इवलासा पंख! पिसंसुद्धा कोरलेली. तळव्याखाली शिशाचा तुकडा — मूर्ती बैठकीत बसवायला. दुपारी लायब्ररीत जाऊन पुस्तकं पालथी घातली. मर्क्युरी! रोमन लोकांचा व्यापाराचा देव, देवांचे निरोप नेणारा. रोमन जहाजातून भरूचच्या बंदरात उतरला असेल. जुन्या चिठ्ठीवर लिहिलंय — 'पादरा गावाजवळ शेतात मिळाले.' आणि आता इथे निजामपुऱ्यातल्या ऑफिसात, माझ्या तळहातावर.

सरांना पुस्तक दाखवलं. बराच वेळ भिंग लावून बसले. मग एवढंच — "कुणाला सांगू नका." का? शाबासकी नाही, काही नाही!

गुरुवार, २३

पाय आता सरांच्या कपाटात. सही घ्यायला आत शिरले तर सर फोनवर, मुंबईशी — "वस्तू माझ्याकडेच आहे. बाईंना कळू द्यायचं नाही." मला पाहिलं आणि फोन ठेवला.

विकतायत. नक्की! 'किरकोळ'मध्ये लिहायला सांगितलं ते यासाठीच.

शुक्रवार, २४

सर खाली गेले होते. किल्ली कपाटालाच. पाय रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला. ही चोरी नाही. वाचवतेय मी त्याला!

सुटताना दारात धनाजीराव शिपाई. "निघालात? आवजो, ताई." नुसती मान हलवली. पर्स काखेत घट्ट धरली.

सोमवार, २७

सरांनी कपाट दोनदा रिकामं केलं. मग धनाजीरावांना आत बोलावून दार लावलं. एकोणीस वर्षांची नोकरी त्यांची. बाहेर आले, डबा उचलला, सायकल काढली आणि सरळ लहरीपुऱ्याला घरी गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी टाइप करत राहिले. तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं!

मंगळवार, २८

मुंबईच्या तज्ज्ञांचं पत्र आलं. टपाल मीच फोडते. "फोनवरच्या वर्णनावरून आपल्या सहकारी संयोगिता शिर्के यांनी पटवलेली ओळख बरोबर वाटते. शोध त्यांच्या नावावर छापावा, ही आपली सूचना मान्य. शनिवारी वस्तू पाहायला येतो. खात्री होईपर्यंत बाईंना सांगायचं नाही, चुकलं तर हिरमुसतील, हेही पटलं."

तीनदा वाचलं.

बुधवार, २९

पाय सरांपुढे ठेवला. सगळं सांगितलं. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "मला तुमचाच संशय आला होता. 'ताईंनी काही नेलं का,' एवढंच धनाजीरावांना विचारलं. तर म्हणाले — 'ताईंचं नाव घेणार असाल तर मला आजच नोकरीतून मोकळं करा.' मी केलं."