पेटीवरची जर्सी

पपा,

काल मैदानावरून आले ती थेट स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरच्यांनी जेवणाचं विचारलं तेव्हा मी नको म्हणाले, एवढंच. तुम्ही असताना आपण दोघं तासभर न बोलता बसायचो आणि आईला वाटायचं, बापलेकीचं बिनसलंय. तुमच्याजवळ गप्प बसणं सोपं होतं. आता ते होत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या गावच्या फुटबॉल टीमचं नाव गेलं. हिरवा-पांढरा रंगही गेला. कुणी हिसकावला नाही. मी हात वर केला म्हणून गेला.

तो रंग कुठून आला हे गावात आता फारसं कुणाला माहीत नाही. लोकांना वाटतं, आपल्या केळीच्या वाड्यांवरून घेतला. मला मात्र नाताळच्या आदल्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई फुग्यांचे गोळे तळतेय, मी पिठाने हात माखून बसलेय आणि तुम्ही ओट्यावर मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या मांडून मॅच दाखवताय. मिरच्या म्हणजे बुडापेस्टचा तो क्लब. तुमच्या कंपनीच्या टीमला शिकवायला काही महिन्यांसाठी हंगेरीचा ट्रेनर आला होता, त्याच्या मोहल्ल्याचा हिरवा-पांढरा क्लब. मोडक्या इंग्रजीत तो सांगायचा आणि तुम्ही आम्हाला मराठीत. खाटीक, सुतार, दुकानदार अशा साध्या माणसांनी उभा केलेला क्लब. मग सरकार बदललं. नव्या सरकारला त्या क्लबाची माणसं आवडत नव्हती. त्यांनी नाव काढून घेतलं, हिरवा रंग काढला, लाल दिला. इथे तुम्ही ओट्यावरच्या हिरव्या मिरच्या उचलायचात आणि त्यांच्या जागी सुक्या लाल मिरच्या ठेवायचात. आई ओरडायची, "अहो, त्या मला पाहिजेत!" तुम्ही थांबायचा नाहीत. लाल कपड्यांतली टीम मैदानात उतरायची आणि स्टँडमधले लोक जुन्याच नावाने हाका मारायचे. ट्रेनर तेव्हा लहान होता, बापाच्या खांद्यावर बसून तोही ओरडायचा. काही वर्षांनी नाव परत आलं, रंग परत आला. इथे गोष्ट संपायची आणि आईला तिच्या मिरच्या मिळायच्या.

गेल्या महिन्यात ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. आपलं मैदान ज्यांच्या वाडीत आहे त्यांची मुलं परदेशात, त्यांनी जागा विकायला काढली. घेणारे दोघे. एकाला इमारत बांधायची होती. दुसऱ्याची कामणला गोदामं आहेत, त्याला फुटबॉलची हौस. तो म्हणाला, मैदान मैदानच राहील, तसं लिहून देतो. पण टीमला माझ्या कंपनीचं नाव, आणि रंग नारिंगी.

चर्चमधल्या मिस्सानंतर शाळेच्या वर्गात कमिटी बसली. तुमच्यानंतर मला अध्यक्ष केलं ते मी कुणाच्या अध्यात-मध्यात नसते म्हणून. तिथे पंखा फिरत होता तरी सगळे घामाघूम. कॅप्टन, वीस-एकवीसचा असेल, म्हणाला, "आंटी, नाव काय पण ठेवा ना. ग्राउंडच नसेल तर खेळणार कुठे, टेरेसवर?" दोघेतिघे हसले. तुमच्या वेळचे गोलकीपर हसले नाहीत. तेच, ज्यांना मी अजून काका म्हणते आणि जे तुमच्या शवपेटीच्या पुढच्या कोपऱ्याला खांदा देऊन होते. ते उठले. गुडघ्यामुळे त्यांना उठायला वेळ लागतो.

"बाय," ते मला म्हणाले, "आपल्यात खेळलेला माणूस गेला की पेटीवर जर्सी घालतात. तुझ्या बापाच्या पेटीवर घातली. आता मी गेलो की काय घालणार? गोदामाची जाहिरात?"

मी मतं घ्यायचं ठरवलं. हात वर करायला सांगितलं तर दोन्ही बाजूंचे सारखे झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पपा, त्या क्षणी मला निर्मळची मॅच आठवली. जर्सीचं गाठोडं ज्याच्याकडे होतं तो पोचलाच नव्हता, आणि तिथल्या लोकांनी आपल्याला त्यांच्या जुन्या लाल जर्सी देऊ केल्या. आपला सेंटर फॉरवर्ड म्हणाला, मी दुसऱ्याचा रंग घालणार नाही. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "मग घरी जा. लोक कपडे बघायला आलेले नाहीत." त्याने मान खाली घालून जर्सी घातली. आपण हरलो. पण कडेने आपलं गाव ओरडत होतं, आपलंच नाव. परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात, आणि हरलेल्या माणसासारखे दिसत नव्हतात. तेव्हा मला कळलं नव्हतं. त्या वर्गात बसल्यावर वाटलं की बुडापेस्टच्या गोष्टीत तुम्ही एक गोष्ट कधी ठासून सांगितली नाहीत: त्यांनी लाल कपडे घातले. घातले आणि खेळत राहिले, म्हणून नाव परत यायला जागा उरली.

मी हात वर केला. नारिंगीसाठी.

काका दारापर्यंत गेले आणि वळले. "तुझा बाप सांगायचा ती गोष्ट मलाही माहीत आहे. तिथे सरकारने ओढून घेतलं. इथे तू ताटात वाढून दिलंस." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. चर्चमध्ये एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ आली की ते पलीकडे वळतात.

काल पहिली मॅच होती. मी मनाशी धरून चालले होते की पोरं नारिंगी घालून उतरतील आणि कडेने कुणीतरी जुनं नाव घेईल. एकाने घेतलं की सगळे घेतील. मग काकाही घेतील, आणि मग ते माझ्याशी बोलतील. काका आले. त्यांच्या नेहमीच्या जागी, नारळाच्या बुंध्याला टेकून बसले. टीम उतरली तेव्हा मान न वळवता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "यांतले आपले कुठले?"

मी म्हटलं, "नारिंगी, काका."

"अस्सं."

पहिल्या हाफमध्ये कुणीच काही ओरडलं नाही. नुसता बॉलचा आवाज आणि रेफरीची शिट्टी.  दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टनने गोल केला आणि बारकी पोरं उड्या मारत ओरडली. नवं नाव. गोदामाचं नाव. ती खूश होती, त्यांना काय माहीत? मैदान होतं, बॉल होता, त्यांचे दादा जिंकत होते. मी जुनं नाव घ्यायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. काकांकडे बघितलं तर तेही बघत होते, माझ्या तोंडाकडे. मग उठून गेले.

त्या ट्रेनरच्या मोहल्ल्यात काही वर्षं गेली तरी लोक विसरले नाहीत. इथे एक हाफ पुरला. मी चुकले का, हे तुम्हीच सांगू शकला असतात, आणि तुम्ही असतात तर कदाचित सांगितलंही नसतंत, नुसत्या मिरच्या उचलून ठेवल्या असत्या. पोरं आज सकाळीही खेळायला गेली. इथपर्यंत बॉलचा आवाज येतोय. तेवढं मी वाचवलं असं म्हणते, आणि पुन्हा काकांचं "अस्सं" ऐकू येतं.

हे पत्र मी तुमच्या कबरीवर घेऊन येणार नाही. रविवारी तिथे काका असतात.

एकच सांगायचं राहिलं. जुन्या जर्सी द्यायला काढल्या तेव्हा त्यांतली गोलकीपरची मी ठेवून घेतली. धुऊन, इस्त्री करून कपाटात सर्वांत वर ठेवली आहे, काकांसाठी. वेळ येईल तेव्हा मी ती त्यांच्या पेटीवर घालीन, कमिटी काहीही म्हणो. त्यांना हे सांगितलेलं नाही.

तिच्याखाली आणखी एक आहे. मी कधी खेळले नाही, मला माहीत आहे.