सतरा नंबर आणि मॅडमच्या मुली

३ मार्च
मेल्या! सगळ्या मेल्या! — बसमध्ये उभ्या उभ्या आईला फोनवर ओरडून सांगितलं. शेजारच्या बाई उठून पुढच्या सीटवर गेल्या. त्यांना काय ठाऊक, कॅन्सरच्या पेशी मेल्यात!

तोंडाच्या कॅन्सरच्या. तीन वर्षं एकेक रसायन ओततेय त्यांच्यावर. सोळा रसायनं पचवून ढेकर दिला भवान्यांनी. जिवंत पेशी पिवळ्या द्रावणाला जांभळं करतात, आणि माझ्या नशिबी रोज जांभळंच. आज सतरा नंबर घातलं — पिवळं! निरोगी पेशी मात्र ठणठणीत जांभळ्या. मी नाचले. स्टुलावरून पडले. ढोपर सुजलंय.

४ मार्च
माझ्या गाइड मॅडमना दाखवलं. "पुन्हा कर."

१२ मार्च
तीनदा केलं, तीनदा पिवळं. मॅडम हसल्या! लॅबमधले काका म्हणाले, "त्यांचे दात आज पहिल्यांदा बघितले."

या पेशी मॅडमनीच वाढवलेल्या. "माझ्या मुली" म्हणतात. रविवारी त्यांना खाऊ घालायला कोण येणार, त्याचा तक्ता दारावर. सख्ख्या मुलीच्या लग्नातून मला फोन — "मुली जेवल्या का गं?" व्याही चक्रावले म्हणे. एकुलती एक सांगितली होती ना!

२० मार्च
लेख पाठवला. जूनच्या आत स्वीकारला तर प्रबंध देता येईल. नाहीतर मुदत संपली, तीन वर्षं पाण्यात. आई म्हणते, "त्यांच्या बापाला छापावं लागेल."

२ एप्रिल
संपादकांना आवडलं!! एकच अट — पेशींची डीएनए चाचणी. त्या खरंच तोंडाच्याच आहेत ना, याचा दाखला.

मॅडम भडकल्या. "माझ्या मुलींचा जन्मदाखला मागतात?"
काका हळूच, "पाठवून द्या की. आपल्याला कसली भीती?"
पाठवल्या.

५ एप्रिल
नखं संपली.

११ एप्रिल
अहवाल आला. तोंडाच्या नाहीतच! गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आहेत. या पेशी भलत्याच दांडगट. एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला, की मूळच्यांना हुसकून सगळी बाटली बळकावतात. आमच्या लॅबमध्ये त्यांचीही बाटली आहे; कुणीतरी कधीतरी एकाच पिपेटने दोन्ही बाटल्यांना खाऊ घातला असणार.

आधी हसूच फुटलं. तीन वर्षं भलत्याच बायांना शिव्या घालत होते! मग बाथरूममध्ये जाऊन रडले. काका म्हणाले, "मॅडमना कशाला सांगता? गुपचूप नव्या पेशी मागवा, त्यांच्यावर करून टाका." मोह झाला. खोटं कशाला बोलू? फार झाला.

१२ एप्रिल
सांगितलं. मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाइल अंगावर येणार. त्यांनी चष्मा काढला. "पिपेट माझंच. वीस वर्षांपूर्वी, लॅबच्या पहिल्या वर्षी, दोन्ही बाटल्या मीच भरायचे. घाईत असायचे गं."

मग कागद ओढून लिहायला बसल्या — वीस वर्षांत या पेशींवर छापलेले आपले सगळे लेख मागे घ्यावेत म्हणून. लेखागणिक एक अर्ज, एकूण एकोणीस. बारावा लिहिताना मान वर करून विचारलं, "तुझा अजून छापला नाही ना?"

"नाही, मॅडम."

"वाचलीस," म्हणाल्या, आणि तेरावा लिहायला घेतला.