दुसऱ्या पिशवीतलं लुचई

बोदलकसा
दि. २ जून २००३

चि. रचनास,
जयभीम आणि मामा-मामीचा आशीर्वाद. इकडे क्षेम, तिकडचं कळव.

सोबत मी स्वतः बनवलेल्या वस्तू पाठवत आहे, त्या अशा: भंगारातल्या फ्रिजच्या खोक्याची बी उगवायची पेटी एक, आत चाळीस वॅटचे दोन बल्ब, इस्त्रीतली पट्टी घासून बसवलेली, तिच्यावर आपोआप चालू-बंद होणारे, दाणे मोजायची सागाची फळी एक, तिला शंभर खड्डे, एका खड्ड्यात एकच दाणा बसेल, दोन बसले तर फळी परत पाठव, जाळीचे ट्रे सहा. पेटीतला पारा तीस अंशांवर राहतो, अर्धा अंश इकडे-तिकडे. अकरा दिवस तपासून मग लिहीत आहे.

न बनवलेली वस्तू एकच: तू मागितलेलं जुनं धान. जात लुचई, साल १९९८, पाच वर्षं शेणानं लिंपलेल्या बांबूच्या ढोलीत ठेवलेलं, दोन किलो.

तुझी मामी म्हणते, पोरगी डॉक्टर होऊन राहिली, आता माझा गुडघा फुकटात पाहील. मी तिला समजावलं की ही डॉक्टरकी बियाण्याची, गुडघ्याची नाही. तिला ते पटलेलं नाही.

पेटी उभीच ठेवायची, आडवी नाही.

माया आहेच, ती असू द्यावी.
तुझा मामा,
खुशाल

नागपूर
दि. ७ जुलै २००३

ती. खुशालमामास,
सविनय जयभीम. मामीला नमस्कार.

पेटी पोचली, उभीच ठेवली आहे. आमच्या सरांनी दार उघडून पाहिलं आणि कोणत्या कंपनीची म्हणून विचारलं. मी बोदलकशाची म्हटलं. बनवणाऱ्याचं शिक्षण विचारलं तर नववी नापास सांगितलं. सरांनी दार पुन्हा उघडून पाहिलं.

मी काय करते ते नीट लिही म्हणाला होतात. प्रत्येक जिवंत पेशीत पॉलिअमाइन नावाची रसायनं थोडी थोडी असतात. त्यातल्या एकाचं नाव स्पर्मिडीन. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे पेशीच्या चुलीच समजा; त्या ऑक्सिजन घेतात आणि ताकद तयार करतात. बी जुनं झालं की या चुली मंदावतात. तेव्हा स्पर्मिडीनच्या पाण्यात बी भिजवलं तर त्या पुन्हा पेटतात का, हे मला पाहायचं आहे. कोंब फुटले की त्यातून मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या काढून त्या किती ऑक्सिजन घेतात ते यंत्रावर मोजायचं.

रसायन अजून आलेलं नाही. साध्या पाण्यात मात्र पाहिलं. मामा, रागावू नका, पण तुमच्या लुचईचे शंभरातले बावन्नच उगवले! सर हसून म्हणाले, मामांची पेटी छान, बी मात्र म्हातारं.

पहिली पिशवी शिकण्यातच संपत आली. आणखी पाठवाल ना?

लोभ कमी होऊ देऊ नये.
आपली,
रचना

बोदलकसा
दि. १६ जुलै २००३

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बावन्न हा आकडा तीन वेळा वाचला. आमच्याकडून बियाणं नेलेल्या माणसानं अजून तरी परत येऊन तोंड वाकडं केलेलं नाही. ते हसणं सरांनी दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवावं, हे माझ्या शब्दांत नको, तुझ्या शब्दांत त्यांना सांग.

दुसरं. चूल हा शब्द चुकीचा. पुस्तकात तंतुकणिका असा शब्द आहे, तो वापर. मी नववीत नापास झालो, पुस्तकात नाही.

दुसरी पिशवी पाठवली आहे, दोन किलो. साल तेच, ढोली तीच. या वेळी नाव ठेवायला जागा मिळणार नाही.

तुझी आई सुमित्राबाई परवा येऊन गेली. तुझ्या नावामागं डॉक्टर लागलं की अंगणवाडीत पेढे वाटणार म्हणाली. मी म्हटलं, आधी कोंब तर फुटू दे.

तुझा मामा,
खुशाल

नागपूर
दि. १८ डिसेंबर २००३

ती. मामास,
सविनय जयभीम.

एक्याऐंशी! मामा, शंभरातले एक्याऐंशी!

रसायन यायला ऑक्टोबर उजाडला. तुमच्या दुसऱ्या पिशवीतलं धान स्पर्मिडीनच्या पाण्यात भिजवलं, चार वेळा केलं, आणि एकदाही अठ्ठ्याहत्तरच्या खाली गेलं नाही. तंतुकणिका (पाहा, शब्द वापरला) जवळपास दीडपट ऑक्सिजन घेतात. साध्या पाण्याचे आकडे जुलैचेच धरले. यंत्र आठवड्यात एकच दिवस मिळतं, आणि सर म्हणाले की साल एक, ढोली एक, मग तेच पुन्हा कशाला करायचं.

मार्चअखेर प्रबंध द्यायचा आहे. शिष्यवृत्तीही तेव्हाच संपते, म्हणजे सगळं अगदी वेळेवर आलं. बियाण्याला लावायची पावडर विकणारे एक गृहस्थ या आकड्यांसाठी सरांकडे दोनदा येऊन गेले. आणि मामा, प्रबंधात आभार मानताना तुमचं नाव सरांच्या लगेच खाली आहे. आईला सांगा, पेढ्यांचं आता विचारून ठेव.

आपली लाडकी,
रचना

बोदलकसा
दि. ९ जानेवारी २००४

चि. रचनास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्याआधी मोजायचं होतं.

दुसरी पिशवी भरताना मी ते धान मिठाच्या पाण्यात टाकलं होतं. दहा लिटर पाणी, तीनशे ग्रॅम मीठ. तरंगले ते पोचट दाणे काढून फेकले, बुडाले ते तीनदा धुऊन सावलीत वाळवले. पेरणीआधी आम्ही दरवर्षी हेच करतो. पहिल्या पिशवीला मी ते केलं नव्हतं, कारण तू ढोलीतलं आहे तसं मागितलं होतंस. तुझा बावन्न आला आणि माझं डोकं फिरलं. पत्रात लिहिलं नाही. तोंड धुतलं हे कोणी पत्रात लिहितं का, असं त्या वेळी वाटलं.

तुझं डिसेंबरचं पत्र वाचून नवी फळी केली, नवी पेटी केली. ढोलीतलं तेच धान, आपल्या तलावाचं साधं पाणी, रसायन काही नाही. तसंच घेतलेलं: ५१, ५४, ५२, ५३. मिठातून काढलेलं: ८०, ७८, ८१, ७९.

म्हणजे तुझ्या एक्याऐंशीत तुझ्या स्पर्मिडीनचे दाणे किती ते मला सांगता येत नाही. माझ्या मिठाचे पुष्कळ आहेत. भरल्या दाण्याचा कोंब जोमदार, तेव्हा त्या दीडपट ऑक्सिजनचंही तेच असणार.

सरांना हे पत्र दाखव. सुमित्राबाईला मी सांगतो.

खुशाल

नागपूर
दि. ३१ जानेवारी २००४

ती. मामास,
जयभीम.

पेटीचा अर्धा अंश लिहिणारा माणूस तीनशे ग्रॅम मीठ लिहायला विसरतो? मामा, काऊन? आठ दिवस मी प्रयोगशाळेत गेले नाही.

नवव्या दिवशी कळलं की तुमच्यावर रागावणं सोपं आहे. दुसऱ्या पिशवीतले शंभर दाणे साध्या पाण्यातही टाकून पाहायचे, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही सांगावं लागत नाही. मला एक्याऐंशी हवे होते, म्हणून मी टाकले नाहीत.

सरांना पत्र दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, गावाकडचं पत्र हा काही पुरावा नव्हे, प्रबंध देऊन टाक, पुढचं पुढे पाहू. मी तरीही मागच्या आठवड्यात गुरुवारी दुसऱ्या पिशवीतलंच धान घेऊन दोन्ही प्रकार एकाच दिवशी केले. साधं पाणी ७९, स्पर्मिडीन ८२. ऑक्सिजनमध्ये फरक आहे, पण इतका बारीक की तो खरा आहे का हे ठरवायलाच सहा महिने लागतील. शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच. आई फोनवर फक्त जेवलीस का विचारते.

या वेळी धान नको, सल्ला हवा आहे. काय करू?

रचना

बोदलकसा
दि. २४ फेब्रुवारी २००४

चि. रचनास,
जयभीम, अनेक आशीर्वाद.

चूक माझी. हे वाक्य मी याआधी कोणाला लिहिलेलं नाही.

दोन पिशव्या पाठवत आहे. एकीवर लाल दोरा: ढोलीतून काढलं तसं. दुसरीवर पांढरा: मिठातून काढलेलं. कोणत्या तारखेला, किती पाणी, किती मीठ, किती तास सावलीत, कोणी हात लावला, सगळं आत कागदावर आहे. प्रत्येक पिशवीतलं अर्धं साध्या पाण्यात टाक, अर्धं तुझ्या रसायनात, एकाच दिवशी. तीनच दाण्यांचा फरक निघाला तर तीनच लिही. एकही नाही निघाला तर तसं लिही. माझा सल्ला एवढाच. सुमित्राबाई अजून माझ्याशीही नीट बोलत नाही. ते मी पाहून घेईन.

राग ठेव, पण त्याच्या शेजारी थोडा लोभही राहू दे.

तुझा मामा,
खुशाल

ता. क. तुला न विचारता एक गोष्ट केली आहे, ती दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. पावडरवाले गृहस्थ शनिवारी जीप घेऊन घरी आले होते. माझं पत्र त्यांना ठाऊक होतं. छापील कागद पुढं केला, त्यावर एकच ओळ: दोन्ही पिशव्यांतलं धान एकाच ढोलीतलं असून त्यावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही. खाली माझी सही. पेन त्यांचंच होतं. तुझी मामी जमुना दारात उभी राहून म्हणाली, कायले अडून बसता, पोरीचे सहा महिने निघून राहिले ना त्याच्यात. खरंच निघाले असते. त्या एका सहीचे ते साठ हजार रुपये देत होते, रोख. मी नाही म्हटलं.